एका खेळाडूचा एकच संघ

फँटसी लीग म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र येतं: सामना सुरू व्हायच्या आधी मोबाइलवर घाईघाईत लावलेला संघ, त्यावर लावलेले पैसे आणि रात्री उशिरा कळणारा निकाल. ही समजूत काही हवेतून आलेली नाही. मुंबईत २००८ साली सुरू झालेल्या ड्रीम-११नं आणि तिच्यामागून आलेल्या कंपन्यांनी हाच एक प्रकार घराघरांत पोचवला. त्यात १०० क्रेडिटच्या मर्यादेत क्रिकेटचे ११ खेळाडू निवडायचे, आणि तुमच्या संघातला खेळाडू त्याच वेळी आणखी लाखो लोकांच्या संघात असू शकतो. मी ज्या कामाबद्दल लिहितो आहे ते यापेक्षा अगदी वेगळं आहे. एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉलच्या, सामन्यांवर आधारलेली, ऑक्टोबर ते एप्रिल चालणारी, पैसे न लावता, पाळीपाळीनं खेळाडू निवडून खेळायची ड्राफ्ट लीग सोमेश्वरनगरात बसून चालवणं, तिचे नियम ठरवणं, त्यातले तंटे मिटवणं, असं ते काम. ते करताना माझं एक मत पक्कं होत गेलं. ड्राफ्ट लीगचा सगळा डोलारा एका नियमावर उभा असतो: एक खेळाडू एका वेळी एकाच संघाचा. बारा जणांच्या लीगमध्ये निकोला योकिचसारखा खेळाडू एकाकडे गेला की उरलेल्या अकरा जणांसाठी तो संपला. ड्राफ्टचा क्रम, रोस्टरच्या जागा, सोडलेल्या खेळाडूंसाठीची वेव्हरची रांग, अदलाबदलीची मुदत, यातला प्रत्येक नियम या टंचाईचं वाटप कसं करायचं, एवढंच ठरवत असतो. हे वाटप एका रात्रीत उरकत नाही. ते सहा महिने चालतं. ड्राफ्टच्या रात्रीला सगळं महत्त्व देणारे इथंच चुकतात.

टंचाई किती, ते आकड्यांत पाहिलं की कळतं. नेहमीच्या लीगमध्ये १२ मॅनेजर असतात आणि प्रत्येकाच्या रोस्टरवर १३ जागा. त्यातल्या दहा खेळणाऱ्या, तीन बेंचच्या. दहांपैकी पाच जागा पॉइंट गार्ड, शूटिंग गार्ड, स्मॉल फॉरवर्ड, पॉवर फॉरवर्ड आणि सेंटर यांच्या. एक कोणत्याही गार्डची, एक कोणत्याही फॉरवर्डची आणि उरलेल्या तीन कुणालाही खुल्या. जखमी खेळाडूसाठी एखादी जादा जागा असते, ती वेगळी. म्हणजे ड्राफ्टमध्ये १५६ खेळाडू उचलले जातात. एनबीएच्या ३० संघांत कायम करारावरचे १५-१५ खेळाडू धरले तर साडेचारशेच्या आसपास नावं होतात, त्यामुळे तीनशे शिल्लक राहिले असं वाटतं. पण एनबीएचा प्रशिक्षक नेहमीच्या सामन्यात आठ-दहा जणांनाच खरा वेळ देतो. उरलेल्या तीनशेंतले बहुतेक जण बाकावर बसूनच असतात आणि कामाचे फार तर शंभर-सव्वाशे उरतात. एखाद्या मॅनेजरनं दोन चांगले सेंटर जास्तीचे धरून ठेवले तर दुसऱ्या कुणाची सेंटरची जागा दुबळी राहते. रोज नवा संघ लावण्याच्या खेळात तुमच्या निवडीनं दुसऱ्याचं काहीही अडत नाही. इथं मात्र तुमची प्रत्येक निवड आणखी कुणाच्या तरी आड येते, आणि म्हणून त्या निवडीची जबाबदारीही येते.

यात भर पडते गुण मोजण्याच्या पद्धतीची. आम्ही नऊ प्रकार मोजतो: गुण, रिबाउंड, असिस्ट, स्टील, ब्लॉक, तीन गुणांच्या बास्केट, मैदानी फेकींची टक्केवारी, फ्री थ्रोची टक्केवारी आणि टर्नओव्हर. सोमवार ते रविवार दोन संघ समोरासमोर येतात, आणि नवांपैकी जास्त प्रकार जिंकणारा तो आठवडा जिंकतो. या पद्धतीत कोणत्याही खेळाडूला एकच एक किंमत नसते. यानिस अँटेटोकोंम्पो दर सामन्याला तीसच्या घरात गुण आणि बारापर्यंत रिबाउंड देतो; पण त्याच्या फ्री थ्रोची टक्केवारी अलीकडच्या हंगामांत साठ-पासष्टच्या आसपास असते, आणि तो फ्री थ्रो घेतो भरपूर. एकटा माणूस अख्ख्या संघाची टक्केवारी खाली ओढतो. मग जाणता मॅनेजर फ्री थ्रोवर पाणी सोडतो आणि त्याच दोषाचे आणखी दोन बलदंड खेळाडू मुद्दाम घेतो. आता या मॅनेजरच्या लेखी चांगल्या फ्री थ्रोवाल्या गार्डची किंमत शेजारच्यापेक्षा कमी असते. त्यामुळेच पुढे अदलाबदलीला जागा राहते. यादीत वर असलेलं नाव उचलत गेलं की संघ तयार होतो, असं मानणाऱ्याचा संघ नोव्हेंबर संपेपर्यंत तुकड्यातुकड्यांत चांगला आणि एकत्र कुचकामी झालेला दिसतो.

आता क्रमाबद्दल. बहुतेक लीगमध्ये स्नेक ड्राफ्ट असतो. पहिल्या फेरीत १ ते १२ असा क्रम जातो, दुसरीत तो उलटतो. पहिल्याला १, २४, २५ आणि ४८ व्या क्रमांकाच्या निवडी मिळतात. बाराव्याला १२, १३, ३६ आणि ३७. कुणाच्याही पहिल्या दोन क्रमांकांची बेरीज २५ च येते, सहाव्याची ६ आणि १९, सातव्याची ७ आणि १८. कागदावर हा हिशेब बिनतोड आहे. अडचण इतकीच की खेळाडूंची गुणवत्ता सारख्या उतारानं उतरत नाही. पहिल्या दोन-तीन नावांमध्ये आणि दहाव्या नावात मोठी दरी असते, तर तिसाव्या आणि चाळिसाव्या नावात फारसा फरक नसतो. म्हणजे बेरीज सारखी असूनही पहिल्याला झुकतं माप मिळतं. यावर उपाय आहे तो तिसरी फेरी पुन्हा उलटवण्याचा. तिसऱ्या फेरीतही बारावा आधी निवडतो, आणि मग क्रम नेहमीसारखा चालतो. पहिल्याच्या निवडी १, २४, ३६, ३७ होतात, बाराव्याच्या १२, १३, २५, ४८. मी हाच क्रम धरतो. नव्या लोकांना तो समजवायला वेळ लागतो, पण कागदावर आकडे मांडून दाखवले की त्याला विरोध होत नाही.

हे समजवायला या भागात एक सोय आहे. नीरा डावा कालवा सोमेश्वरनगरच्या पट्ट्यातून बारामतीकडे आणि पुढं इंदापूरकडे जातो, त्यामुळे शेजपाळी इथल्या प्रत्येक शेतकरी घराला ठाऊक असते. पाण्याच्या अर्जांची यादी आधी तयार होते, कुणाची पाळी कधी आणि किती वेळ ते लिहिलेलं असतं, आणि पाणी द्यायला सुरुवात करायची ती शेपटाकडून, डोक्याकडे सरकत. डोक्याशी ज्याचं रान आहे त्याला पाणी तसंही हाताशी असतं. नियम करावा लागतो तो शेपटासाठी. याच नीरा कालव्यावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विश्वेश्वरय्यांनी ब्लॉक पद्धत आणली, तिच्यामागचा एक हेतूही पाणी थोड्या गावांत एकवटू नये, जास्त गावांत वाटलं जावं, हाच होता. तिसरी फेरी उलटवताना आपण तेच करतो. आणि शेजपाळीची तक्रार जिथून येते तिथूनच ड्राफ्टचीही येते. तक्रार यादीवर क्वचितच असते. यादी पाळली गेली का, यावर ती असते. पाळी चुकवून मधेच दारं उघडलं गेलं की सगळी यादी निरर्थक. म्हणून ड्राफ्टचा क्रम आठवडाभर आधी सर्वांसमोर काढायचा, प्रत्येक निवडीला नव्वद सेकंद ठरवायचे, आणि जो हजर नाही त्याच्या वतीनं संगणकानंच निवड करायची. मैत्रीखातर कुणासाठीही घड्याळ थांबवायचं नाही. एकासाठी थांबवलं की पुढच्या सहा महिन्यांतल्या प्रत्येक निर्णयावर संशय येतो.

यावर पहिला आक्षेप असा की क्रम चिठ्ठ्या टाकूनच ठरतो, मग हा नशिबाचाच खेळ झाला. उत्तरादाखल लोक एनबीएच्या खऱ्या ड्राफ्टची उदाहरणं देतात: २०१३ साली पहिली निवड अँथनी बेनेटची झाली आणि अँटेटोकोंम्पो पंधरावा गेला, २०१४ मध्ये योकिच ४१ वा गेला आणि पुढं २०२१, २०२२ आणि २०२४ चा सर्वोत्तम खेळाडू ठरला. उदाहरणं खरी आहेत, पण ती इथं लागू पडत नाहीत. एनबीए निवडते ती अठरा-वीस वर्षांची, अजून न उमललेली पोरं. आम्ही निवडतो ते सिद्ध झालेले खेळाडू. आमच्या ड्राफ्टमध्ये पहिली निवड खरोखरच पंधराव्यापेक्षा चांगली असते, हे मान्य करायला हवं. तरीही नशिबाचा वाटा वाटतो त्यापेक्षा लहान आहे, आणि त्याचं कारण हंगामाची लांबी. २०२४-२५ च्या हंगामात व्हिक्टर वेम्बान्यामा जवळजवळ सगळीकडे अगदी वरच्या निवडींत गेला. फेब्रुवारीत त्याच्या खांद्याच्या शिरेत रक्ताची गुठळी सापडली आणि हंगाम ४६ सामन्यांवर थांबला. त्याच वर्षी जोएल एम्बीड फक्त १९ सामने खेळला. एनबीएचा संघ ८२ सामने खेळतो. एवढ्या लांब रस्त्यावर पहिली निवड ही फक्त सुरुवातीची शिदोरी असते. पुढचं सगळं उरलेल्या बारा जागा कशा सांभाळल्या यावर अवलंबून राहतं. कबड्डीतलं उदाहरण इथल्या लोकांना अधिक जवळचं वाटतं. २०२२ च्या प्रो कबड्डी लिलावात पवन सेहरावतला तमिळ थलायवाजनं २ कोटी २६ लाखांना घेतलं. पहिल्याच सामन्यात गुडघा दुखावून तो हंगामाबाहेर गेला. संघ मात्र तरुण चढाईपटू नरेंदरच्या जोरावर उपांत्य फेरीपर्यंत पोचला आणि तिथं पुणेरी पलटणकडून ३९-३७ असा हरला. एवढी रक्कम वाया जाऊनही जो संघ दोन गुणांच्या अंतरावर राहतो, त्याचं श्रेय लिलावाच्या दिवसापेक्षा बाकीच्या रोस्टरला द्यावं लागतं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: लिलाव का करत नाही? लिलावात प्रत्येकाकडे सारखीच रक्कम, समजा २०० आभासी डॉलर, आणि हवा तो खेळाडू कुणीही बोली लावून घेऊ शकतो. क्रमाचा प्रश्नच मिटतो. तत्त्वाच्या बाजूनं पाहिलं तर लिलाव स्नेक ड्राफ्टपेक्षा न्याय्य आहे, यात मला शंका नाही. पण लिलावात न्याय मिळतो तो किंमत कळणाऱ्याला. नवा माणूस पहिल्या तीन नावांवर दीडशे डॉलर उडवतो आणि उरलेल्या दहा जागा पाच-पाच डॉलरांत भरतो. अनुभवी माणूस त्याला चढवत नेतो आणि शांतपणे मधली फळी गोळा करतो. शिवाय १५६ खेळाडूंचा लिलाव तीन-चार तास चालतो. महाराष्ट्रानं दोन्ही पद्धती जवळून पाहिल्या आहेत. कबड्डीनं २०१४ पासून लिलाव धरला. खो-खोनं वेगळी वाट घेतली. अल्टिमेट खो-खोच्या पहिल्या हंगामासाठी २०२२ च्या जुलैत पुण्यात खेळाडूंचा ड्राफ्ट झाला, गटवार मानधन ठरवून. त्याच वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बालेवाडीत सहा संघांची स्पर्धा झाली आणि अंतिम सामना ओडिशा जगरनॉट्सनं तेलुगू योद्धाजवर ४६-४५ असा जिंकला. मला खो-खोचा तो निर्णय शहाणपणाचा वाटतो. ज्या खेळाडूंची बाजारात कधी किंमतच ठरली नव्हती त्यांचा लिलाव केला असता तर चार नावांवर पैशांचा पाऊस पडला असता आणि बाकीचे कोरडे राहिले असते. किंमत ठाऊक नसलेल्या लोकांमध्ये वाटप करायचं तर क्रम चांगला. सगळे सारखेच जाणते असतील तर लिलाव चांगला. आमच्या लीगमध्ये दरवर्षी नवी माणसं येतात, म्हणून आम्ही ड्राफ्टवर थांबतो. ज्या दिवशी बाराही जण जुने असतील त्या दिवशी मी स्वतः लिलाव सुचवीन.

खरं काम ड्राफ्टनंतर सुरू होतं, आणि ते पहाटे सुरू होतं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी सातला सुरू होणारा सामना हिवाळ्यात आपल्याकडे पहाटे साडेपाचला असतो. पश्चिम किनाऱ्यावरचे सामने सकाळी नऊच्या सुमाराला सुरू होतात. ज्याचा सामना सुरू झाला तो खेळाडू आहे त्या जागी कुलूपबंद. म्हणजे कोण जखमी, कोणाला विश्रांती दिली, हे रात्री झोपताना किंवा पहाटे उठल्यावर पाहायचं आणि बेंचवरून योग्य माणूस वर आणायचा. इथं एक योगायोग असा की एनबीएचा हंगाम आणि साखर कारखान्यांचा गळीत हंगाम जवळजवळ एकाच काळात येतात. सोमेश्वर, माळेगाव, भवानीनगरची धुराडी ज्या महिन्यांत पेटलेली असतात त्याच महिन्यांत लीग चालते. कारखान्यात पाळीवर असणारा, वाहनावर असणारा, ऊस तुटायची वाट पाहत रानात असणारा, यांच्यातला कुणीही रोज पहाटे मोबाइल धरून बसेल असं धरून चालता येत नाही. लीगमधल्या न्यू जर्सीत राहणाऱ्या मॅनेजरसाठी मात्र हीच वेळ संध्याकाळची, जेवणानंतरची. एकाच नियमात दोघांना बसवायचं कसं, हा प्रश्न मला ड्राफ्टच्या क्रमापेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण क्रमाचा परिणाम एकदा होतो आणि याचा रोज.

यावरचा सोपा उपाय म्हणजे आठवड्यातून एकदाच, सोमवारी, संघ लावायचा आणि रविवारपर्यंत तोच ठेवायचा. त्यानं वेळ असणाऱ्याचा फायदा संपतो, हे खरं. पण मंगळवारी घोटा मुरगळलेल्या खेळाडूचं ओझं रविवारपर्यंत वाहावं लागतं, आणि तेव्हा खरोखरच नशीब वरचढ होतं. शिवाय एनबीएत एखाद्या संघाचे आठवड्यात चार सामने असतात, तर एखाद्याचे दोनच. साप्ताहिक कुलपात चार सामन्यांचा मध्यम खेळाडू दोन सामन्यांच्या उत्तम खेळाडूला भारी पडतो, आणि सगळं डोकं वेळापत्रक पाहण्यातच जातं. म्हणून आम्ही रोज बदल करायची मुभा ठेवली, पण बाहेरून नवा खेळाडू घेण्यावर आठवड्याला चारची मर्यादा घातली. स्वतःच्या तेरा जणांत हवी तितकी फिरवाफिरव करा. बाहेरच्या साठ्यावर मात्र सर्वांचा सारखा हक्क. ही मर्यादा नसेल तर पहाटे मोकळा असणारा माणूस दररोज एक खेळाडू टाकून त्या दिवशी सामना असलेला दुसरा घेतो आणि बेंचला काही अर्थच उरत नाही. तेराव्या जागेवरचा खेळाडू जपावा की टाकावा, हा निर्णय जोपर्यंत जड जातो तोपर्यंत लीग जिवंत असते.

सोडलेल्या खेळाडूचं काय करायचं, यातही न्यायाचा प्रश्न आहे. कुणी चांगला खेळाडू वैतागून सोडला तर ज्यानं आधी पाहिलं त्यानं लाटला, असं होऊ नये, म्हणून तो दोन दिवस वेव्हरवर राहतो. त्या काळात ज्यांना तो हवा ते मागणी नोंदवतात आणि रांगेत जो पुढे असेल त्याला तो मिळतो. सुरुवातीची रांग ड्राफ्टच्या उलट क्रमानं लावायची आणि ज्यानं मागणी वापरली तो रांगेच्या शेवटी जातो. हा छोटा नियम फार मोलाचा आहे. डिसेंबरात एखादा मोठा खेळाडू जखमी होतो आणि त्याच्या जागी खेळणारा कुणी अनोळखी तरुण एकदम चमकतो. त्या क्षणी आपली रांगेतली जागा खर्च करायची की आणखी मोठ्या संधीसाठी राखून ठेवायची, यात धीर असलेला आणि नसलेला मॅनेजर लगेच वेगळे दिसतात. अदलाबदलीबद्दल मात्र माझं मत बहुतेक लीगपेक्षा निराळं आहे. पुष्कळ ठिकाणी इतर मॅनेजर मतदान करून सौदा रद्द करू शकतात. मला ते पटत नाही. एखादा सौदा बाहेरच्याला असमान दिसतो म्हणून तो अन्यायाचा होत नाही. फ्री थ्रो सोडून दिलेल्या मॅनेजरला जे नकोसं आहे ते दुसऱ्याला सोन्यासारखं असू शकतं, आणि मतदान करणारे अकरा जण स्वतःचं हित पाहूनच मत देतात. मी दोघांनाही एकच विचारतो: या सौद्यानं तुमचा कोणता प्रकार सुधारेल? दोघांकडे उत्तर असलं की सौदा मंजूर. संगनमताचा सौदा असेल तर एकाकडे तरी उत्तर नसतं.

मग पैशांचा आक्षेप. पैसे नसतील तर लोक गांभीर्यानं खेळत नाहीत, असं बरेच जण सांगतात. संसदेनं ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. २० तारखेला लोकसभेत आणि २१ ला राज्यसभेत तो मंजूर झाला, २२ ला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे भरून पैसे जिंकायच्या ऑनलाइन खेळांवर त्यानं बंदी आणली, मग तो खेळ कौशल्याचा असो वा दैवाचा. कौशल्याचा खेळ म्हणून पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयानं २०१७ मध्ये फँटसी क्रिकेटला दिलेला आधार त्यामुळे या कामी येईनासा झाला, आणि ड्रीम-११सह मोठ्या कंपन्यांनी पैशांच्या स्पर्धा थांबवल्या. आपसातल्या लीगची वर्गणी काढून विजेत्याला रक्कम देणंही आता धोक्याचंच, म्हणून ज्यांना लीग चालवायची आहे त्यांनी तो विषय सुरुवातीलाच बंद करावा. पण कायदा नसता तरी माझं मत हेच राहिलं असतं. लोक लीग अर्धवट सोडतात ती बक्षीस नाही म्हणून सोडत नाहीत. आपण आता काहीच जिंकू शकत नाही, असं जानेवारीत वाटू लागलं की सोडतात. रोजच्या पैशांच्या स्पर्धेत कालची हार आज नवी फी भरून पुसता येते, असा भास होतो, आणि गावागावांतल्या तरुणांचं कर्ज त्या भासातूनच वाढत गेलं. हंगामभराच्या ड्राफ्ट लीगमध्ये हार पुसता येत नाही, पण सुधारता येते. संघ तोच, माणसं तीच, आठवडा नवा. मला या फरकाची मनापासून काळजी आहे, कारण दोन्हींना एकच नाव असल्यामुळे पहिल्याच्या बदनामीत दुसऱ्याचाही बळी जातो.

बास्केटबॉलच का, असंही विचारलं जातं. पुण्याच्या शिरीन लिमयेनं भारतीय महिला संघाचं नेतृत्व केलं आणि २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईत इंडियाना पेसर्स आणि सॅक्रामेंटो किंग्ज यांचे दोन एनबीए सामने झाले, तरी बारामती-इंदापूरकडे हा खेळ कॉलेजच्या मैदानापलीकडे फारसा गेलेला नाही, हे खरंच आहे. कबड्डीची ड्राफ्ट लीग झाली तर मला आनंदच होईल. पण ती बारा जणांची होणार नाही. प्रो कबड्डीत १२ संघ आणि प्रत्येकाचे एक-दोन मुख्य चढाईपटू. बहुतेक गुण त्यांच्याच खात्यात जातात. बारा मॅनेजरांत ते पहिल्या दोन फेऱ्यांतच संपतील आणि बाहेरच्या साठ्यात घेण्यासारखं काही उरणार नाही. सहा मॅनेजर, आठ-नऊ जणांचं रोस्टर आणि पकडीच्या गुणांना चढाईइतकंच वजन, असं केलं तर जमेल. बास्केटबॉलमध्ये प्रत्येक संघाचे आठ-नऊ जण नऊ प्रकारांत काही ना काही देतात, आकडे रोज मिळतात आणि हंगाम लांब असतो, म्हणून वाटपाचे सगळे नियम नीट पारखता येतात. माझ्या लेखी या खेळाच्या बाजूनं एवढं कारण पुरेसं आहे.

सगळ्यात अवघड भाग मार्चचा. एनबीएतले तळाचे संघ तेव्हा हरण्यातच फायदा पाहतात, कारण पुढच्या ड्राफ्टमध्ये तळाच्याला वरची निवड मिळण्याची शक्यता जास्त. हे रोखायला १९८५ पासून सोडत आली, आणि २०१९ पासून तळाच्या तीन संघांची पहिल्या निवडीची शक्यता सारखीच, १४ टक्के केली गेली. आमच्याकडेही तळाचा मॅनेजर मार्चमध्ये संघ लावणं सोडतो आणि त्या आठवड्यात त्याच्यासमोर असणाऱ्याला फुकटचा विजय मिळतो. बाद फेरीत कोण जाणार, हे मग तिसऱ्याच कुणाच्या आळसावर ठरतं. तळाच्याला पुढच्या वर्षी पहिली निवड द्यावी, असं सुचवणारे एक विसरतात. एनबीएचा दुबळा संघ पुढच्या वर्षीही दुबळाच असतो, म्हणून त्याला हात द्यावा लागतो. आमच्याकडे दर ऑक्टोबरला सगळी रोस्टर कोरी होतात, भरपाई करण्यासारखं काही मागं राहत नाही. म्हणून बाद फेरीत न गेलेल्या सहा संघांची वेगळी स्पर्धा लावायची आणि ती जिंकणाऱ्याला पुढच्या ड्राफ्टमधला आपला क्रमांक सर्वांत आधी निवडू द्यायचा. हा नियम आल्यापासून मार्चमध्येही रोस्टर रोज हलतं. आणि तो क्रमांक निवडताना पहिलाच घेतला जातो असंही नाही. तिसरी फेरी उलटत असल्यामुळे कुणी मुद्दाम बारावा मागतो, बारा आणि तेरा या लागोपाठच्या दोन निवडी आणि वर पंचविसावी हाती लागावी म्हणून.